फ्लॅपची दांडी

निवृत्त झाल्यावर विश्वेश गायधनींनी परदेशातून विमानाचं किट मागवलं, तेव्हा नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. दोन माणसांचं छोटं विमान, सुट्या भागांत, लाकडी खोक्यांतून आलेलं. आयुष्यभर अंबडच्या कारखान्यात मशिनी डिझाइन केलेल्या या माणसाला निदान एक तरी वस्तू पहिल्या रिवेटपासून शेवटपर्यंत आपल्या हातांनी उभी करायची होती. या खुळात सामील झाला तो कॉलेजपासूनचा मित्र समाधान पिंगळे. समाधान उमेदीत पिकांवर फवारणी करणारी विमानं उडवायचा. आता दिंडोरीला त्याची द्राक्षबाग होती, आणि बागेतलं पॅकिंगचं शेड हंगाम सोडला तर रिकामंच असायचं. तिथेच विमान आकाराला येऊ लागलं. समाधानची बायको साधना दुपारी भाकरी पाठवायची आणि "पाखरू कुठवर आलं?" म्हणून चिडवायची.

या सगळ्या वर्षांत दोघं भांडले ते एकदाच. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर पट्टी असते, तिला फ्लॅप म्हणतात. उतरताना ती खाली झुकवली की विमान कमी वेगातही तोल धरून राहतं. वर घेतली की तो आधार जातो. ती हलवायला किटमध्ये दोन पर्याय होते. एक विजेची मोटर. दुसरा, दोन सीटांच्या मधे हँडब्रेकसारखी दांडी, तिला तीन खाचा आणि टोकाला बटण. दांडी वर ओढली की फ्लॅप उतरायचे आणि स्प्रिंगची पिन खाचेत अडकायची; बटण दाबून पिन सोडवली की दांडी खाली जाऊन फ्लॅप वर यायचे.

"मोटरच बसवू," गायधनी म्हणाले. "ती सावकाश फिरते. माणसाने कितीही घाई केली तरी फ्लॅप झटक्यात वर येणार नाहीत."

"अन् मोटर जळली म्हंजे?" समाधान उसळला. "विशू, फ्लॅप किती उतरलाय ते माझ्या हाताला कळाया पाहिजे. मी आख्खी उमर दांडीवर काढली हाय."

बोलाचाली बरीच झाली. पण उडवणार तो होता. गायधनींना डोळ्यांमुळे परवाना मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी दांडी बसवली. दोन्ही पंखांचे फ्लॅप अगदी सारखे उतरतात ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. 

परवानग्या मिळायला फार काळ गेला. शेवटी एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या धावपट्टीवरून विमान उडालं. समाधान खाली आला तेव्हा हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तो हिवाळाभर उडत राहिला.

ज्या सकाळी ते घडलं, त्या सकाळी गायधनी नेहमीसारखे धावपट्टीच्या कडेला वॉकीटॉकी घेऊन उभे होते. विमान उतरायला आलं होतं, फ्लॅप पूर्ण खाली. तेवढ्यात कुंपणाच्या भगदाडातून मेंढरांचा कळप पट्टीवर आला. "समाधान, वर जा!" गायधनी ओरडले. इंजिनाचा आवाज चढला. अशा वेळी फ्लॅप एकेक खाच करत वर घ्यायचे असतात, वेग धरेपर्यंत दम काढत. गायधनींच्या डोळ्यांदेखत ते एकदम वर गेले, पंखाला सपाट चिकटले. विमान पायाखालची फळी काढल्यासारखं खचलं आणि पलीकडच्या मक्यात बांधावर आदळलं. समाधान दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

चौकशीची माणसं आली. दांडी पार खाली पडलेली होती. स्प्रिंग शाबूत होती. बटणाच्या पिनवर एक ओरखडा होता. तो आधीचा की आदळताना पडलेला, ते कोणालाच सांगता येईना. बहुधा वैमानिकाच्या हातून घाईत फ्लॅप एकदम वर घेतले गेले असावेत, असं शेवटी ठरलं.

गायधनी मात्र त्या 'बहुधा'मध्ये अडकून पडले. हात समाधानचा होता, की पिन आपली सुटली? त्यांनी तशीच दुसरी दांडी जुळवून घरच्या टेबलावर ठोकली. ओढायची, खाचेत अडकवायची, हिसके द्यायचे. पिन कधी सुटली नाही. तरी त्यांना दिलासा मिळाला नाही. मोटरचा हट्ट धरला असता तर दोन्हींपैकी काहीच झालं नसतं, हे त्यांना पाठ झालं होतं.

उन्हाळ्यात ते दिंडोरीला गेले. साधना ओट्यावर बसली होती. वाळली होती.

"भावजी, एवढंच सांगा. चूक यांची होती का? भावकी म्हणती, म्हाताऱ्याने हौसेपायी जीव घालवला."

गायधनी म्हणाले, "नाही वहिनी. पिन सुटली. माझ्या कामात खोट राहिली."

"मग त्यात बसूच कसं दिलं त्यांना?" ती म्हणाली. "जा तुम्ही. पुन्हा या उंबऱ्यावर येऊ नका."

घरी आल्यावर बायकोने, उत्तराबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "तिच्यासाठी खोटं बोललात ना?"

"माहीत नाही," गायधनी म्हणाले.

पाऊस सरल्यावर समाधानची मुलगी वैष्णवी नाशिकला त्यांच्याकडे आली. बागेचं सगळं आता तीच बघायची. उत्तराबाईंनी चहा दिला.

"काका, आई रात्रंदिवस तुम्हाला शिव्या घालते. त्याच रागावर जगतेय. पण बाबा घाईचे होते, मला माहीत आहे ना! त्यांनीच एकदम सोडली असेल दांडी. मला तरी खरं सांगा. मी तिला समजावीन."

गायधनींनी ती सकाळ पुन्हा डोळ्यांसमोर आणली. पूर्वी त्यांना फक्त वर जाणारे फ्लॅप दिसायचे. आता त्यांना पिनही सुटताना दिसत होती, जी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. तेवढ्याच लख्खपणे समाधानचा अंगठा बटणावर दिसत होता.

"पिनच सुटली," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलीत?"

त्यांची नजर टेबलावर ठोकलेल्या दांडीकडे गेली. वैष्णवीने कप तसाच भरलेला ठेवला आणि ती उठली. उत्तराबाई तिच्यामागे जिन्यापर्यंत गेल्या. गायधनी खुर्चीतच बसून राहिले.