दाराकडे वळवलेल्या चपला

समुद्रकाठच्या त्या छोट्या हॉटेलात झाडलोट करणारी बाई आमच्याच नाशिक जिल्ह्यातली, सुरगाण्याची निघाली. पाहुणे पायरीवर चपला काढून पोहायला गेले, की ती प्रत्येक जोडाची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा पोहायला गेला, तो ऊन उतरलं तरी परतेना. त्याच्या चपलांशेजारी मी पाण्याकडे डोळे लावून बसले. हातातला खराटा बाजूला ठेवून तीही टेकली.

"घराकडं तोंड हाय ना ताई, येत्याल सायेब."

तो आला, हसत हसत. मी त्याच्यावर खेकसले आणि रडले.

निघताना तिच्या खोलीपुढे पुरुषी चपलांचा एक जोड दिसला, दाराकडे वळवलेला. पट्टे उन्हानं पांढरे पडले होते, पण वर वाळूचा कणही नव्हता.