बारातले दोन

पाच दिवस कोर्टात ज्युरीवर बसून एल्मिना ग्विलरी घरी परतली, तेव्हा तिनं पर्स टेबलावर टाकली, एप्रन बांधला आणि कांदे चिरायला घेतले. तिची चौदा वर्षांची मुलगी लवर्न स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय झालं गं आई? सोडलं का त्याला?"

"नाही."

"मग?"

"जन्मठेप. जा, तांदूळ धुऊन ठेव."

ही एक्याऐंशी सालची गोष्ट. लुइझियानातल्या सेंट ऑदिल गावात पेट्रोल पंपाच्या मालकाला गोळी घालून मारलं होतं, आणि त्यासाठी झुल्मा बातीस्तचा वीस वर्षांचा मुलगा अल्सिद पकडला गेला होता. झुल्मा आणि एल्मिना एकाच चर्चमधल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या. बारा जणांच्या ज्युरीत दहा गोरे होते आणि दोन काळे. एक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी एल्मिना, दुसरा ओझेम नावाचा म्हातारा गवंडी.

हा निकाल मान्य आहे की नाही, अशी न्यायाधीशानं प्रत्येकाकडून नावासकट चिठ्ठी लिहून घेतली, चिठ्ठ्या चाळल्या, "निकाल कायदेशीर आहे" एवढंच म्हटलं आणि सगळ्या चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट सीलबंद केलं. कुणी काय लिहिलं ते बाहेर कुणाला कळलं नाही. काळ्या वस्तीनं मग आपला निकाल स्वतःच लावला. दोघंही गोऱ्यांच्या बाजूनं गेली म्हणायची! पुढच्या रविवारी झुल्मा उठून मागच्या बाकावर जाऊन बसली. शाळेत लवर्नला पोरी विचारायच्या, "तुझ्या आईला किती मिनिटं लागली गं त्याला आत पाठवायला?" गवंड्याला तर वस्तीतली कामंच मिळेनात. तो टेक्सासला मुलाकडे निघून गेला आणि तिकडेच वारला.

एल्मिनानं तोंड उघडलं नाही. लवर्नला वाटलं, लोक म्हणतात ते खरंच असणार. आईशी ती पूर्वीसारखीच बोलत राहिली, पण मनातून उतरलेलं माणूस पुन्हा वर चढत नाही. अठराव्या वर्षी ती शिकायला बॅटन रूजला गेली आणि सणावारापुरतीच गावी येऊ लागली.

तिनं कायद्याची पदवी घेतली. मग एका लहानशा लॉ कॉलेजात शिकवायला लागली. काळा माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढला की त्याच्या बाबतीत काय काय वेगळं होतं, हा तिचा विषय. पोलीस कुणाला अडवतात, जामीन कुणाला नाकारतात, ज्युरीतून कुणाला वगळतात. बरोबरीचे प्राध्यापक मोठमोठ्या सिद्धांतांवर लिहायचे. ही मोजणी करायची.

नव्व्याण्णव साली तिनं एक नवं काम हाती घेतलं. त्या राज्यात बारापैकी दहा जण 'दोषी' म्हणाले तरी माणूस जन्मभर आत जायचा. उरलेल्या दोघांना कुणी विचारायचं नाही. हा नियम शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या पुढाऱ्यांनी जाणूनबुजून लिहून ठेवला होता. एक-दोन काळी माणसं ज्युरीवर आली तरी त्यांचं मत मोजावं लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. लवर्नला हे बघायचं होतं की प्रत्यक्षात ते उरलेले दोघं कोण असतात. कोर्टाची परवानगी काढून ती गावोगावच्या कोर्टांच्या तळघरांत जुनी खोकी उपसत बसायची.

सेंट ऑदिलच्या कोर्टात रेकॉर्ड सांभाळायला मिसेस फॉन्तनो नावाची गोरी बाई होती. तिनं किल्ली दिली आणि म्हणाली, "खाली पाणी शिरलं होतं बरं का. उंदरांनी काय ठेवलंय ते बघा. तुम्ही एल्मिनाची ना? किती वाळलात हो! कॉलेजात जेवायला देत नाहीत वाटतं."

तिसऱ्या दिवशी लवर्नच्या हातात एक्याऐंशी सालचं खोकं आलं. पाकिटावर अल्सिद बातीस्तचं नाव. तिनं ते थोडा वेळ तसंच मांडीवर ठेवलं, मग सील फोडलं. बारा चिठ्ठ्या. दहांवर 'होय'. एकीवर वेड्यावाकड्या अक्षरांत 'नाही', गवंड्याच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं. आणि एकीवर निळ्या शाईत, आईच्या तिरक्या अक्षरात, 'नाही'. त्याखाली दोनदा रेघ ओढलेली.

ती तळघरातून वर आली ती सरळ गाडीत बसून घरी गेली. आई अंगणात भेंडी खुडत होती.

"आई, तू 'नाही' लिहिलं होतंस?"

एल्मिना वाकलेलीच राहिली. "कुणी सांगितलं?"

"तुझी चिठ्ठी बघितली मी आज."

"मग झालं तर. बघितलीस ना."

"अठरा वर्षं! अगं, माझ्याशीसुद्धा बोलली नाहीस? मी तुला काय काय समजत होते..."

"ते मला ठाऊक होतं," एल्मिना म्हणाली. तिनं भेंडीची पाटी उचलली आणि ओट्यावर येऊन बसली. "त्या खोलीत गेलो, तर दोन तासांत दहा हात वर झाले. ज्युरीचा फोरमन म्हणजे म्होरक्या होता तो विमावाला, तो म्हणाला, झालं, दहा पुरे, घरी जाऊ या. मी म्हटलं, थांबा, मला बोलायचंय. साक्षीदार म्हणतो त्यानं पंपाच्या दिव्यात तोंड बघितलं. तो दिवा मार्डी ग्राच्या सणाआधीपासून बंद होता. मी रोज पहाटे शाळेत जाताना तिथूनच जायचे, चाचपडत. तर तो म्हणतो, बाई, आता गरज नाही. असं म्हणाला. गरज नाही. आणि टोपी घातली त्यानं."

"पण झुल्माला तरी सांगायचंस!"

"काय सांगू? दोघं 'नाही' म्हणाले तरी तुझा पोरगा गेला, असं? तिला वाटत होतं बाराही जणांना तो दोषी वाटला. एवढी माणसं चुकली असं समजून ती कशीबशी जगत होती. दोघांच्या तोंडाला कुलूप घालून त्याला नेला, हे कळलं असतं तर जास्त झोंबलं असतं तिला."

झुल्मा त्याच्या आदल्याच वर्षी वारली होती. शेवटपर्यंत मागच्याच बाकावर बसून.

त्यानंतर लवर्न नदीकाठच्या तुरुंगात अल्सिदला भेटायला गेली. तो अडतीस वर्षांचा झाला होता. पुढचे केस विरळ झालेले, हात तुरुंगाच्या शेतावर राबून राबून रापलेले. तिनं त्याला चिठ्ठ्यांचं सांगितलं.

"मिस एल्मिना," तो म्हणाला. "आणि तो म्हातारा. मला वाटायचं, ज्युरीतल्या त्या चष्मेवाल्या गोऱ्या बाईला माझी दया आली असेल. ती रडत होती ना निकालाच्या वेळी. अठरा वर्षं मी तिच्यासाठी प्रार्थना करतोय हो!" आणि तो हसायला लागला. हसता हसता त्यानं शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

लवर्ननं एकोणीस वर्षं मोजणी केली. नऊशेच्या वर खटले. दोन चिठ्ठ्यांवर 'नाही' असेल तिथं पुन्हा पुन्हा काळाच ज्युरर निघायचा. तिचे लेख परत यायचे. संपादक कळवायचे, विषय फारच स्थानिक आहे. डीन एकदा जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "लवर्न, तुमचं काम चोख असतं, पण ते धुळीतून बाहेर काढा जरा. काहीतरी व्यापक लिहा." ती म्हणाली, "व्यापक लिहायला तुम्ही आहात ना सर." दोन वेळा तिची बढती राहिली. लग्न झालं आणि मोडलं. नवरा भला होता. जाताना एवढंच म्हणाला की या घरात अल्सिद माझ्याआधी राहायला आला होता.

तिच्या सगळ्यात मोठ्या लेखाच्या शेवटी एक आकडा होता. अशा निकालांवर आजही साधारण पंधराशे माणसं तुरुंगात आहेत, असं तिनं हिशेब करून लिहिलं. अन्याय केवढा मोठा आहे ते कळावं म्हणून.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात राज्यातल्या लोकांनी मतदान करून तो नियम काढून टाकला. यापुढे बाराही जणांचं एकमत लागेल. लवर्नला दिवसभर फोन येत होते. कॉलेजात टाळ्या वाजल्या. संध्याकाळी ती आईकडे गेली. एल्मिनानं टीव्ही बंद केला आणि विचारलं, "मग अल्सिद कधी येतोय?"

"हे पुढच्या गुन्ह्यांना लागू आहे आई. मागच्यांना नाही."

"म्हणजे चूक होती हे कबूल, पण केली ती तशीच राहू द्यायची?"

लवर्ननं पुन्हा वाजू लागलेला फोन बंद केला.

दीड वर्षानं वॉशिंग्टनच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की असे निकाल घटनेच्या विरुद्धच आहेत. त्यापुढच्या वर्षी त्याच कोर्टानं सांगितलं की जुन्या निकालांना मात्र ते लागू करायलाच हवं असं नाही. तरीही लवर्ननं एका तरुण वकिलाला धरून सेंट ऑदिलच्या कोर्टात अल्सिदचा अर्ज घातला. एकदा तरी त्या दिव्याचं कुणीतरी ऐकावं म्हणून.

सुनावणीला ती पहिल्या रांगेत बसली होती. सरकारी वकील उठला. तिशीतला, सभ्य, नीट अभ्यास केलेला पोरगा.

"युवर ऑनर, हा एक दरवाजा उघडला तर किती खटले पुन्हा चालवावे लागतील? माझा आकडा नको. प्राध्यापिका ग्विलरी यांनीच तो काढला आहे आणि त्यांच्या मोजणीवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. पंधराशे. साक्षीदार मेलेत, कागद भिजलेत. राज्याला हे झेपणार नाही."

न्यायाधीशानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, जणू तिचीच साक्ष झाली. अर्ज नामंजूर झाला. बाहेर पडताना तो पोरगा तिच्याजवळ आला आणि मनापासून म्हणाला, "मॅडम, तुमचा लेख आम्हाला कॉलेजात होता. फार शिकलो त्यातून."

"दिसलं ते," ती म्हणाली.

त्या शनिवारी तिनं अल्सिदला सगळं सांगितलं, आकड्याचं सुद्धा. तो आता एकसष्ट वर्षांचा होता, खोकताना टेबलाला धरायचा.

"म्हणजे आम्ही फार जण आहोत म्हणून नाही," तो म्हणाला.

"हो."

"आणि आम्ही तिघं-चौघंच असतो तर?"

"तर म्हणाले असते, एवढ्या थोड्यांसाठी कायद्याला कशाला हात लावायचा."

"बरोबर." त्यानं मान हलवली. "तुम्ही मोजायला नको होतं असं मी म्हणणार नाही, प्रोफेसर. तुम्ही मोजलं नसतं तर मला मिस एल्मिना कळली नसती. पण तुमचा चेहरा असा करू नका हो. मला घाबरल्यासारखं होतं. इतकी वर्षं तुमचाच चेहरा बरा होता."

पुढच्या वसंतात त्याच्या फुप्फुसातलं दुखणं वाढलं आणि तो तुरुंगाच्या दवाखान्यातच वारला. बहिणीनं त्याला सेंट ऑदिलला आणलं. एल्मिना ब्याऐंशी वर्षांची झाली होती. लवर्नच्या दंडाला धरून ती दफनाला गेली. झुल्माच्या शेजारी माती पडेपर्यंत ती उभी राहिली. बसा म्हटलं तर बसली नाही.

कॉलेजनं त्या वर्षी लवर्नचा सत्कार केला. केक होता, त्यावर तिचं नाव चुकीचं लिहिलेलं. नवे डीन म्हणाले, "यांच्यामुळे राज्याचा कायदा बदलला." ते खरं होतं, आणि ती उभी राहून टाळ्या संपायची वाट बघत होती. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, आता पुढे कशावर काम करणार?" लवर्न म्हणाली, "यादी संपायचीय." पोरीला वाटलं, ती पुस्तकांच्या यादीबद्दल बोलतेय.

मंगळवारी ती तीन तास गाडी चालवत राज्याच्या पार उत्तरेला गेली. यादीतल्या रूफस नावाच्या माणसाचा अर्ज होता, पंच्याऐंशी सालचा निकाल, एका चिठ्ठीवर 'नाही'. न्यायाधीशानं अकरा मिनिटांत निकाल दिला. रूफसची बायको कॉरिडॉरमध्ये पर्स पोटाशी धरून उभी होती.

"झालं का, प्रोफेसर?"

"नामंजूर."

"हं." तिनं पर्समधून फॉइलमध्ये गुंडाळलेले भात भरलेले सॉसेज काढले. "घरचे आहेत. तुम्हाला लांब जायचंय. गार व्हायच्या आत खा."

लवर्ननं ते गाडीत बसून खाल्ले. काच वर करून, इंजिन बंद ठेवून. कोर्टाच्या दारातून ती बाई एकटी बाहेर आली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत लवर्ननं किल्ली फिरवली नाही.