पुढे सरकवलेलं ताट

माझा स्वभाव संशयी. नवरा म्हणतो, तू देवदूतालाही आधी आधार कार्ड विचारशील. परप्रांतातल्या या शहरात, जे. पी. नगरमधल्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना भरते. तिथे ते गृहस्थ येऊ लागले आणि पहिल्याच महिन्यात माझ्या डोळ्यांत खुपू लागले.

माणूस साठीचा, बेळगावकडचा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून दोन बस बदलून सगळ्यांच्या आधी यायचे, सतरंज्या घालायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट फिरलं की ते भाकरीला हात लावत नसत. ताट दोन्ही हातांनी घ्यायचे, क्षणभर मान खाली घालायचे आणि शेजाऱ्याकडे सरकवायचे. द्राक्षरसाच्या प्याल्याचंही तेच.

मला कसं कळलं? प्रार्थनेत मी एक डोळा उघडा ठेवते.

तीन महिने मी पाळत ठेवली. यांचा बाप्तिस्मा तरी झालाय का? कुणी आमच्यावर नजर ठेवायला तर पाठवलं नसेल? हल्ली दिवसच असे आहेत, घरात चार माणसं गायला लागली तरी खालच्या मजल्यावरचे चौकशी करतात. "कुठेतरी पाणी मुरतंय," मी नवऱ्याला म्हटलं. त्याने पेपर उलटला.

मी मात्र ताट आलं की डोक्यावर पदर घेऊन, गुडघे टेकून भाकर घ्यायची. भक्तिभावाची बाई म्हणून मला मान आहे, आणि तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू?

मग उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी अण्णांना मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, नेमायचं ठरवलं. मी तडकले. "जो प्रभूच्या मेजावरचं घेत नाही, तो आमचा वडील?"

"कारण मला ठाऊक आहे, पण ते त्यांनी सांगायचं," पाळक म्हणाले. "तुम्हीच विचारा. पटलं नाही तर नेमणूक थांबवतो."

म्हणजे त्या माणसाची अब्रू आता माझ्या हातात होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा आले तेव्हा मी स्वयंपाकघरात प्रभुभोजनासाठी ब्रेडच्या कडा कापत होते. सुरी खाली न ठेवताच मी विचारलं.

"भावाशी बोलणं नाही बघा, अक्का," ते म्हणाले. "चूक माझीच. त्याच्या मुलीच्या लग्नात चारचौघांत नको ते बोललो. आधी भावाशी समेट कर, मग माझ्यापुढं ये, असं प्रभूनं सांगितलंय की. दर शनिवारी फोन लावतो. उचलत नाही. दोनदा जाऊन आलो, दार उघडलं नाही."

"मग तुमच्याकडून झालं की. देव समजून घेईल."

"घेईल. पण मला स्वल्प भीती वाटते, अक्का. सांगितलेलं बाजूला ठेवायचं आणि नुसते हात जोडायचे, ते कसं?"

मी सुरी खाली ठेवली. माहेरी, नगरला, माझी धाकटी बहीण असते. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा माझं विमान लांबलं, आणि मी पोहोचायच्या आत तिने आईला माती देऊन टाकली. मी दारातूनच मागे फिरले. तेव्हापासून तिच्याशी शब्द नाही. आईची कबरही मी पाहिलेली नाही. आणि या तीन वर्षांत एकही प्रभुभोजन चुकवलेलं नाही. दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवणाऱ्या मला माझं ताट कधी दिसलं नाही, याची भयंकर लाज वाटली.

पाळकसाहेब आले तेव्हा मी एवढंच म्हणाले, "त्यांनाच नेमा."

प्रार्थना झाली, ताट माझ्यापर्यंत आलं. कडा मीच कापलेले ते पांढरे तुकडे. मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पुढे सरकवलं. शेजारच्या बाईने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

सगळे गेल्यावर मी नगरला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"कोण?" बहिणीने विचारलं. माझा नंबर तिने पुसून टाकला होता.

"मी," म्हटलं. "आईला कुठे ठेवलंय, ते दाखवशील?"