पुळुअम्मा आणि डोळ्यातला जंत

आमच्या प्रयोगशाळेत जंत बघून ‘शी’ म्हणायला बंदी होती. एकदा एका नव्या मुलीच्या तोंडून ते निघून गेलं. पुळुअम्मा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “माणसाच्या पोटात राहून आलाय तो. पाहुण्यागत वागवायचं. आपण बोलावला नसला तरी.”

तमिळमध्ये पुळु म्हणजे किडा. चेन्नईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्या माणसाच्या अंगात राहणाऱ्या जंतांचा विभाग सांभाळायच्या, म्हणून विद्यार्थ्यांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

बँकेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून मी साताऱ्याहून इथे आलेली. प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीत माझं आडनाव ऐकताच त्या मराठीत बोलू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेल्या घरातलं मराठी ते, हेल तमिळ आणि शब्द जुने. सगळं म्हणायला ‘अस्की’. “अस्की कामं शिकशील ना?” त्यांनी विचारलं. त्या परक्या शहरात मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी जंत नीट सुकवावा लागतो, मग त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवतात. हे काम त्या माझ्यावर सोडत नसत. “दागिन्यांशिवाय आपण बायका तरी फोटोला बसतो का?” असं पुटपुटत यंत्राचं झाकण लावायच्या.

संतोष आमच्याकडे आला तेव्हा त्याचा एक डोळा सुजलेला होता. मूळचा बीडचा, अंबत्तूरच्या कारखान्यात नोकरीला. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यातून बोटभर लांबीचा जिवंत जंत काढला होता, आणि तिथल्या कुणीतरी ‘हत्तीरोगाचा असेल’ असं म्हटलं होतं. पोरानं ते भाबडेपणानं घरी सांगितलं. ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी थांबवलं.

जंत काढून आमच्याकडे पाठवणाऱ्या डॉक्टरांचे फोन येत होते. “बघितल्यावर सांगते,” एवढंच पुळुअम्मा म्हणत. शेवटी जंत पडद्यावर आला. त्याच्या अंगभर लांबीच्या दिशेनं कंगोरे होते, नांगरलेल्या शेतासारखे.

“पार,” म्हणजे बघ, त्या मला म्हणाल्या. “हत्तीरोगाच्या जंताला असले कंगोरे नसतात. हा कुत्र्याचा. डासानं वाट चुकवली त्याची.” माणसात हा जंत सहसा पिलं घालत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. काढला की बहुतेक वेळा विषय संपतो.

संतोषला हे सांगितलं तर त्यानं खिशातला फोन पुढे केला. मग म्हणाला, “मॅडम, तुम्हीच सांगा त्यांना. माझं कोण ऐकतंय?”

त्याच्याच फोनवरून पुळुअम्मा मुलीच्या वडिलांशी बोलल्या. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “बाई, आपलं गाव कोणतं? बोलणं आमच्या पणजीसारखं वाटतंय.”

“तंजावर. तुमच्या घरी कुत्रा आहे का?”

“आहे की, दोन.”

“आणि डास?”

“डासांना काय तोटा!” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “पोराचा डोळा वाचला ना?”

“वाचला.”

“मग बरं,” ते म्हणाले.

लग्नानंतर संतोष बायकोला घेऊन आला. पुळुअम्मांनी तिला पडद्यावर तो जंत दाखवला. तिनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बरा दिसतोय की.” पुळुअम्मा इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

निवृत्त झाल्यावर त्या तंजावरला भावाकडे गेल्या. एळुंबूर स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. गाडी हलायच्या आधीच त्यांनी मला परत पाठवलं, “जा कण्णा,” म्हणजे बाळा, “कामं पडलीत.” पुढे त्यांची नजर मंदावली. प्रयोगशाळेत एखादा जंत मला ओळखता आला नाही की मी त्यांना फोन करायची. “सांग, काय दिसतं?” त्या विचारायच्या. मी सांगत जायची, त्या मधेमधे प्रश्न विचारून मला नावापर्यंत नेऊन सोडायच्या.

मागच्या वर्षी असाच एक फोन केला. मी सगळं वर्णन केलं आणि थांबले. त्यांनी काहीच विचारलं नाही.

“मॅडम, ऐकताय ना?”

“ऐकतेय. तू बघितलंस ना नीट? मग तूच सांग.”

मी चाचरत नाव सांगितलं.

“सरी,” म्हणजे बरोबर, त्या म्हणाल्या, “आता तसंच लिही.” मी लिहायला घेतलं, तोवर त्यांनी फोन ठेवलाही होता. आठवड्याभरात त्यांच्या भावाचा फोन आला, त्या गेल्याचं सांगायला.