चाचांचा म्हातारपणाचा सराव

आमच्या चाचांइतका म्हातारपणाचा सराव केलेला माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. प्रत्यक्ष म्हातारपण यायला त्यांना अजून चांगली दहा-बारा वर्षं होती. दाढी मेंदीने लाल, पाठ ताठ, आणि खांद्यावर पाइप टाकून तीन मजले चढले तरी दम म्हणून लागत नसे. पण दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की चाचा म्हातारे होत. उजव्या पायाला वाळूची पिशवी बांधत, कानांत कापूस कोंबत, चष्म्याच्या काचांवरून खोबरेल तेलाचं बोट फिरवत आणि आमच्या वृद्धाश्रमाच्या लांबलचक व्हरांड्यातून भिंतीला धरून चालू लागत. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, चाचा चष्म्याला तेल लावून करत. त्यांना पहिल्यांदा असं चालताना पाहून ड्यूटीवरच्या ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, वाटलं की यांना अर्धांगाचा झटका आला. तो धावत स्ट्रेचर घेऊन आला. चाचा निमूट आडवे झाले, दहा पावलं गेल्यावर उठून बसले आणि म्हणाले, "डावं चाक थरथरतंय. उद्या बदलतो."

हा वृद्धाश्रम सौदी अरबस्तानातल्या बुरैद्याच्या कडेला, जिथे शहर संपून खजुराच्या बागा लागतात तिथे होता. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं मी तिथे देखभालीच्या कंत्राटदाराचा इंजिनिअर होतो. मी नाशिकचा, चाचा दापोलीकडचे. त्यांचा हुद्दा प्लंबरचा, पण आश्रमाच्या मुदीरपासून, म्हणजे मुख्य अधिकाऱ्यापासून, भटारखान्यातल्या बंगाली आचाऱ्यापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. मी त्यांचा साहेब होतो असं कागदावर लिहिलेलं होतं. कागदावर मी बराच कर्तबगार होतो. दर महिन्याला 'सर्व न्हाणीघरे तपासली, सर्व ठीक' असं लिहून सही करायची ही माझी तपासणी, आणि दर न्हाणीघरातल्या कमोडवर कपड्यांनिशी पंधरा मिनिटं बसून राहायचं ही चाचांची. वेळ जावा म्हणून ते रियाधमधल्या बत्ह्याच्या बाजारातून सामान बांधून आलेले मराठी वर्तमानपत्राचे तुकडे वाचत. वाचून झालं की एका हाताने भिंतीवरचा दांडा धरून उठत आणि दांडा दोन इंच खाली हवा होता की वर, ते ठरवत.

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते कोणालाही, न विचारता, ऐकवत. "म्हातारा माणूस पडत नाय, साहेब. त्याला पाडतात. पाणी पाडतं, पायरी पाडते, नायतर आपला आळस पाडतो." त्यामुळे 'अमका पडला' असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारत, "कोणी पाडला?" मग आरोपी सापडेपर्यंत त्यांना जेवण जात नसे. गालिच्यांशी तर त्यांचं उभं वैर होतं. दिवाणखान्यातल्या सगळ्या गालिच्यांच्या कडा त्यांनी पट्ट्या मारून जमिनीला जखडल्या, आणि त्या भरात मुदीरच्या खोलीतला भारी इराणी गालिचाही जखडला. मुदीर तीन दिवस धुमसत होता. चौथ्या दिवशी त्याचे वडील भेटायला आले, त्या गालिच्यावरून काठी टेकत सरळ चालत गेले, आणि विषय तिथेच खलास झाला. रियाधला गेलो की चाचा बत्ह्यातल्या खाणावळीत आधी मोरी बघून येत आणि मग जेवायचं की नाही ते सांगत. एकदा लागोपाठ चार खाणावळी नापास झाल्या. मी पाचव्या ठिकाणी त्यांना मोरीकडे जाऊच दिलं नाही, पण ते सगळं जेवण माझ्याकडे मी गुन्हेगार असल्यासारखं बघत जेवले.

अर्थात हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, त्या उन्हाळ्यापर्यंत. तिथला उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला पटायचं नाही, पण जून लागला की तिथे थंड पाण्याचा नळ भाजतो. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात आणि निळ्या टोपणाच्या नळाला हात धरवत नाही असं पाणी येतं. तिथे मुरलेली माणसं मग एक युक्ती करतात. गिझर बंद ठेवतात. गिझरच्या पोटातलं पाणी एसीच्या गारव्यात निवतं आणि लाल टोपणाच्या नळातून येतं. म्हणजे उन्हाळ्यात लाल तो थंड आणि निळा तो गरम. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी कोणाला सांगत नसे. चुकलं ते इथेच.

हिवाळ्यात एक नवा ब्रदर आला होता, केरळचा, नियमाचा पक्का. नियम असा की म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालताना आधी निळा नळ उघडायचा, मग लागेल तसा लाल. जून लागल्यावर एका दुपारी त्याने निळा उघडला आणि हातातला फवारा अबू सालेहच्या पायावर धरला. थंड पाणी हाताने तपासून कोण बघतं? पाऊल लालबुंद झालं, दोन फोड आले. फोड आठवड्यात बरे झाले, पण अबू सालेहने आंघोळच सोडली. हा अबू सालेह म्हणजे बुरैद्याच्या खजूरबाजारात चाळीस वर्षं दलाली केलेला माणूस. आवाज असा की व्हरांड्याच्या त्या टोकाला ऐकू यावा. चाकाची खुर्ची न्हाणीघराच्या दिशेने वळली की तो दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरून ठेवी. खुर्चीला खिळलेल्या माणसाची कातडी ती, डॉक्टर म्हणाले की आणखी काही दिवस असेच गेले तर पाठ सडेल.

चाचांनी ब्रदरला बोल लावला नाही. "त्याने नियम पाळला," म्हणाले. "पाडलं ते आपल्या टोपणांनी." दुसऱ्या दिवशी सकाळी पान्हा घेऊन त्यांनी सतराच्या सतरा न्हाणीघरांतली टोपणं अदलाबदल केली. आता ज्यातून गार येईल त्याला निळं, ज्यातून कढत येईल त्याला लाल. दारावर पाटी लावली : एका गिझरात एकच आंघोळ, नंतर पाणी निवेपर्यंत तासभर थांबा. मग ते रोज सकाळी अबू सालेहसमोर बसू लागले. बाही कोपरापर्यंत वर करायची, निळा नळ सोडायचा, कोपर धारेखाली धरायचं. बोलायचं काही नाही. म्हातारा बघत राही. आठ दिवस हा कार्यक्रम चालला. नवव्या दिवशी अबू सालेहने आपलं एक बोट पुढे केलं, धारेत धरलं आणि म्हणाला, "तय्यिब." ठीक आहे. त्या दिवशी त्याने अर्धा तास आंघोळ केली आणि सगळा मजला ऐकेल इतक्या मोठ्याने केली.

ऑगस्टात वरून तपासणीला अधिकारी आला. हुशार माणूस होता. गिझरची नळी निळ्या टोपणाकडे जाते हे त्याने पहिल्याच न्हाणीघरात ओळखलं, आणि सतरा ठिकाणी तेच पाहिल्यावर त्याचा चेहरा कडक झाला. इतक्या दुबळ्या माणसांच्या घरात गरम-थंडाच्या खुणा उलट्या, हे ज्याने केलं त्याला घरी पाठवा, असं तो मुदीरला म्हणाला. मुदीरने माझ्याकडे पाहिलं. "हे कोणी केलं?" कागदावर माझी सही होती, सर्व ठीक. मी जमिनीकडे बघत राहिलो. ते आठवलं की आजही माझी मान वर होत नाही. चाचा पुढे झाले आणि म्हणाले, "मी केलं." मुदीरच्या तोंडून एकच शब्द निघाला, "खुरूज." म्हणजे कायमचा परतीचा शिक्का. चाचांच्या धाकट्या मुलीचं लग्न त्या वर्षी ठरलेलं होतं. तरी त्यांनी नुसती बाही खाली केली आणि बटण लावू लागले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. अबू सालेहची खुर्ची आंघोळीसाठी येऊन थांबली होती. "पोरा," तो त्या अधिकाऱ्याला म्हणाला, "चाळीस वर्षं मी खजूर विकला. न चाखता भाव बोलणाऱ्याला मी बाजारातून हाकलून देत असे. हात घाल." अधिकारी जरा हसला. "कोणत्या नळात?" "तू ज्याला थंड म्हणतोस त्यात." त्याने नळ सोडला, चार बोटं धारेखाली धरली आणि चटका बसल्यासारखी नव्हे, चटका बसूनच मागे ओढली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चाचांनी दुसरा नळ सोडला, त्या माणसाचं मनगट हलकेच धरलं आणि त्याची बोटं धारेत नेली. "यात धरा थोडा वेळ," म्हणाले. "फोड नाय यायचा."

त्या अधिकाऱ्याचं मला कौतुक वाटतं. तो भर दुपारी दोन वाजता स्वतः गच्चीवर गेला, टाकीला हात लावून आला आणि घामाने निथळत अहवालातली 'घरी पाठवा' ही ओळ खोडून नवी लिहिली, की टाक्यांवर सावली करा आणि त्यांना उष्णतारोधक वेष्टन घाला. दोन महिन्यांत छप्पर झालं. टाकीच्या नळातून पुन्हा थंड पाणी आलं, आणि चाचांनी टोपणं जागच्या जागी बसवली. पुढे दुसऱ्या आश्रमांची माणसं आमच्या टाक्या बघायला येत. चाचा त्यांना गच्चीवर असे नेत की जणू घरातलं कार्यच आहे. खाली मुदीर छाती फुगवून सांगे, "हा आमचा चाचा." नाशिकच्या माणसाला कोकणाचा अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे, पण मी तेव्हा दारात उभा राहून मनात म्हणत असे, तुमचा कसला, आमचा. महिन्याच्या कागदावर सही करण्याआधी मीही आता सतराच्या सतरा कमोडांवर बसू लागलो होतो.

एकदा त्यांना विचारलं, चाचा, हे वेड लागलं कुठून? ते पाइपाला सूत गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "आईला आमच्या न्हाणीने पाडलं. शेवाळ होतं. मी तेव्हा इथं दुसऱ्याच्या न्हाणीत फरशी बसवत होतो." मग सूत तोडलं आणि पुढचा पाइप उचलला.

मुलीचं लग्न थाटात झालं. त्यानंतर दोन वर्षांनी चाचा स्वतःच्या मर्जीने कायमचे घरी गेले. निघताना मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला दीड फुटाचा स्टीलचा दांडा दिला. वर कागद चिकटवलेला : साहेब, जमिनीपासून तेहतीस इंच, डाव्या हाताला. "मी चाळिशीचा आहे, चाचा," मी म्हणालो. "म्हणून तर आत्ता देतोय," म्हणाले. माझं माप त्यांनी कधी घेतलं, कोण जाणे.

ते साठीच्या पुढे फार गेले नाहीत. इतका सराव केला आणि परीक्षाच झाली नाही. मुलाने फोनवर सांगितलं, "अंगणात खुर्चीत बसले होते, तसेच गेले. अब्बा पडले नाहीत." त्याला ते मुद्दाम सांगावंसं वाटलं.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तो दांडा माळ्यावरून काढून न्हाणीघरात बसवून घेतला. मिस्त्री म्हणत होता, छत्तीस इंचांवर लावू, सगळे तिथेच लावतात. मी तेहतीसवरच लावायला लावला. रोज सकाळी मी आधी नळ सोडून कोपर धारेखाली धरतो, मग न बघता डावा हात पुढे करतो, आणि दांडा बरोबर हातात येतो.