मूठभर तांदळासाठी

आईने नाकातली नळी दुसऱ्यांदा ओढून काढली, त्या दिवशी मी प्रार्थना करणं बंद केलं. रागाने नाही, हे आधीच सांगते. राग आला की मी बोलते, लिहिते, छापून वाटते. त्या दिवशी आतून काहीच आलं नाही. परळच्या मोठ्या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. जिभेचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर मशीनचा शेक देऊन तोंड आतून सोलवटलं होतं. पेज, ताक, काहीही पातळ तोंडाने घेतलं तरी चालेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि नेमकं तेच ती घेत नव्हती. "शुक्रवारपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर पोटाला भोक पाडून नळी घालावी लागेल. आणि ते झेपण्याइतकी ताकद त्यांच्यात उरलेली नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो." तो सोमवार होता.

मी कोण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं घर लालबागला, चाळीत, आणि अख्ख्या चाळीत ख्रिस्ती आम्हीच. आईच्या पणजीला दुष्काळात एका परदेशी मिशनरी बाईने पेज पाजून जगवलं, तेव्हापासून आम्ही येशूचे. ही गोष्ट आई अभिमानाने सांगायची आणि ती ऐकताना माझी कानशिलं तापायची, कारण शाळेत मला तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकायला मिळाली होती. "मूठभर तांदळासाठी बाटलेले." मधल्या सुट्टीत, नळावरच्या भांडणात, गंमत म्हणून सुद्धा. पोटात अन्न नसलेल्या पोरीला कुणी जेवायला घातलं हा गुन्हा, आणि जे न वाढता बघत उभे राहिले ते सगळे स्वच्छ! हे मी तेव्हाही ओरडून सांगायचे. पण ओरडून झाल्यावर घरी येऊन ताटातला भात बाजूला सारायचे, हेही खरं. भाकरी मागायचे. आईला कारण माहीत होतं. ती तव्यावर भाकरी टाकायची.

कॉलेजात असल्यापासून मी चाळींच्या पुनर्विकासाच्या लढ्यात पत्रकं लिहिते. कुणाकडे काय मागतोय ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे, हे मला तिथे शिकवलं गेलं. तोच हात मी आमच्या चर्चच्या मंडळीवरही चालवला. आमच्याकडे वर्षातून एक मिशन रविवार असतो. लहान मुलं देशोदेशीचे कागदी झेंडे घेऊन रांगेत येतात आणि लांबच्या सेवाकार्यासाठी दानपेटी फिरते. त्या रविवारी मी देवळाच्या फाटकात उभी राहून पत्रक वाटलं : 'जगाच्या टोकापर्यंत माणसं धाडता, परळच्या नाक्यावर कोण येणार?' पाळकसाहेब दुखावले, महिला संघाने माझ्याशी बोलणं टाकलं. आईने मात्र रांगेत उभं राहून पत्रक घेतलं, चष्मा लावून पुरतं वाचलं आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. आता जेवायला चल." ते पत्रक मी आजही मागे घेत नाही.

त्या रात्रीही आईने रोजचीच प्रार्थना केली. घरचं सगळं मागून झालं की शेवटी ती म्हणायची, "आणि घर सोडून लांब गेलेल्या तुझ्या सेवकांना, बापा, एकट्याने जेवायला लागू नये." मी तिला चिडवायचे. "आई, ते तिकडे बर्गर खात असतील, तू कशाला काळजी करतेस?" ती म्हणायची, "बर्गर असला म्हणून काय झालं? समोर कुणी नको?"

तर अशा घरातली मी त्या वॉर्डात एकटी होते. पाळकसाहेब एकदा येऊन गेले. द्राक्षं घेऊन आले. जिला थुंकी गिळवत नाही तिच्यासाठी द्राक्षं! प्रार्थना चांगली केली, नाही म्हणत नाही. ते गेल्यावर ती द्राक्षं मी जिन्यात उभी राहून खाल्ली. चाळीतून कुणी आलं नाही, कारण कमिटीने बिल्डरशी केलेल्या सौद्यावर मी पत्रक काढलं होतं आणि कमिटीतल्या सावंतांच्या घरची काकी, जिच्या मांडीवर मी वाढले, तीसुद्धा मला बघून दार लोटायची. लढ्यातले मित्र फोनवर हात जोडलेली चित्रं पाठवत होते. त्या रुग्णालयात चालायला जागा नसते इतकी माणसं असतात. फुटपाथवर बिछाने, जिन्यात डबे, लिफ्टपाशी चार भाषांत रडणं. त्या सगळ्यांत मला वाटायचं की माझ्याभोवती काच आहे. मी आईला "खा" म्हणायचे, ती मान वळवायची, मी खाली जाऊन टपरीवर उभ्याने वडापाव खायचे आणि पुन्हा वर येऊन "खा" म्हणायचे. तिच्यासमोर मी कधी घासही घेतला नाही. जिला खाता येत नाही तिच्यासमोर कसं खायचं?

शेजारच्या खाटेवर मिझोरामच्या डोंगरातली एक म्हातारी होती. तिची भाषा वॉर्डात कुणालाच येत नव्हती, म्हणून तिच्यासाठी एक बाई रोज यायची. चाळिशीची, बुटकी, पायात खेळाडूंसारखे बूट. नाव मावी. मावी औषधं समजावून सांगायची, म्हातारीचे पाय चेपायची आणि गाणी म्हणायची. आवाज बेताचा नव्हता. "ओ गायिका," सिस्टर दरवाजातूनच म्हणायच्या, "रेडिओ बंद करा, डॉक्टर राऊंडला आलेत." मावी तोंडावर हात ठेवायची आणि सिस्टर वळल्या की पुन्हा सुरू. शब्द कळत नसले तरी चाल ओळखीची होती. आमच्या मराठी गीतांच्या पुस्तकातलीच. मंगळवारी मी तिला विचारलं, "आप इनकी रिश्तेदार?"

"नहीं. मिशनरी."

"किधर का मिशन?"

"इधर का." तिने बोटाने फरशी दाखवली. "परेल."

मला बरं वाटायला हवं होतं. परळच्या नाक्यावर कोण येणार, असं मीच विचारलं होतं की. पण मला संतापच आला. गिरगावपासून दादरपर्यंत आमची इतकी देवळं उभी आहेत आणि आमच्याकडे माणूस पाठवायला देशाच्या पार त्या टोकाच्या डोंगरातली मंडळी लागते? लाज वाटली की राग येतो, हा माझा जुना आजार.

बुधवारी मावी स्टीलच्या डब्यातून गरम पेज घेऊन आली. म्हातारीला दिली आणि एक वाटी आमच्या खाटेपाशी आणून धरली. मी उठून उभी राहिले. "हमको नहीं मँगता. मिशन का चावल तो बिलकुल नहीं." आणि मग थांबताच येईना. शाळा, नळ, दुष्काळातली पणजी, मूठभर तांदळासाठी बाटलेले, सगळं माझ्या मोडक्या हिंदीत मी तिच्या अंगावर ओतलं. मावीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आणि नंतर हसू आलं.

"लेकिन तुम तो पहले से येशू का है," ती म्हणाली. "मैं तुमको और क्या बनाएगा?"

तिने हे म्हातारीला तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारी बोळक्या तोंडाने इतकी हसली की तिला खोकला आला. मला हसू येत होतं. मी ते गिळलं आणि खाली बसले.

मग मावीने मला त्या तांदळाचं सांगितलं. त्यांच्या डोंगरात बाई भात शिजवायला बसली की भांड्यात घेतलेल्या तांदळातून एक मूठ परत काढते आणि वेगळ्या डब्यात टाकते. सकाळी काढते, संध्याकाळी काढते, घरात तांदूळ कमी असले तरी काढते. मग मंडळीतल्या बायका घरोघरी फिरून ते गोळा करतात, विकतात आणि त्यावर माणसं लांब पाठवतात. मावीचा परळमधला मुक्काम, पायातले बूट, बसचं भाडं, सगळं त्या मुठींतून आलेलं. इथे गोळा करायला कुणी येत नाही, तरी हाताला सवय आहे म्हणून मावी रोज मूठ काढते. त्या डब्यातले तांदूळ वॉर्डात ज्याला लागतील त्याच्या पेजेला. "मेरे गाँव की औरत लोग समुंदर नहीं देखा," ती म्हणाली. "मुंबई क्या है, मालूम नहीं. फिर भी निकालती है." वाटी तिने खाटेशेजारच्या कपाटावर ठेवली. आईने मान वळवली नाही. पेज तिथेच निवली.

गुरुवारी दुपारी मी हरले. मावीने सकाळी आणलेली ताजी पेज आणि चमचा घेऊन बसले होते, गोड बोलून झालं होतं, रागावून झालं होतं, शेवटी मी हात जोडले आणि आईने डोळे मिटून घेतले. मी वाटी ठेवली आणि जिन्यात जाऊन बसले. माझ्याकडे मागणी उरली नव्हती. कुणाकडे, काय, कधीपर्यंत, माझ्या प्रत्येक पत्रकात असतं ते काहीच उरलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मला जमत नाही. तू बघ." याला प्रार्थना म्हणायचं की नाही, मला कळलं नाही. रडूही आलं नाही. उठले ते केवळ औषधाची वेळ झाली म्हणून.

वॉर्डात आले तर म्हातारीला तपासणीला नेलं होतं आणि तिची खाट रिकामी होती. मावी आमच्या खाटेपाशी स्टुलावर बसून जेवत होती. डबा मांडीवर, मान खाली, गाणं नाही, काही नाही. भात आणि उकडलेली भाजी. चमचा तिच्या स्वतःच्या हातात होता, आईकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. आणि आई तिच्याकडे वळली होती. उशीवर कोपर टेकून उठायची धडपड करत होती. मी पुढे झाले तर तिने हातानेच मला बाजूला केलं आणि कपाटावरच्या वाटीकडे बोट दाखवलं. मी वाटी दिली. तिने ती तोंडाला लावली. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, अर्धं हनुवटीवरून ओघळत होतं. मावीने मान वर करून बघितलं आणि डब्याकडे बोट दाखवत, जुनी शेजारीण बोलते तसं म्हणाली, "आज नमक ज्यादा हो गया." आईने मान हलवली आणि दुसरा घोट घेतला. दोघी जेवत होत्या. मी मध्ये बोलले नाही.

शुक्रवारी डॉक्टरांनी वाटी बघितली, आईला बघितलं, आणि नळीचं नाव काढलं नाही.

आईला पुढे बोबडं बोलता यायला लागलं तेव्हा मी तिला विचारलं, "मी एवढं सांगत होते, नाही खाल्लंस. तेव्हा का खाल्लंस?" आई म्हणाली, "घर सोडून आलेली बाई. एकटी जेवत होती. मग मी काय पडून राहू?"

यावर मी काही सिद्ध करायला बसलेली नाही. माणसाला भूक परत येते, डॉक्टरांना त्याची कारणं माहीत असतील. मला एवढंच दिसतं की आई इतकी वर्षं रोज रात्री कुणासाठी तरी मागत होती, ती व्यक्ती तिच्या खाटेपाशी येऊन बसली, आणि आईचं मागणं आईलाच पुरं करावं लागलं. ते करताना ती जगली. माझ्या "खा, खा" मध्ये तिला वाढून घ्यावं लागत होतं. मावीसमोर तिला सोबत द्यायची होती. माझी आई आयुष्यभर वाढणारी बाई होती.

नंतर मावी दर रविवारी उपासना झाली की लालबागला जेवायला येऊ लागली. आमच्या बोंबलाच्या वासाने नाक धरायची, आणि आई बोबड्या आवाजात म्हणायची, "शीक, शीक, मुंबईत राहतेस ना." पुढे तिच्या मंडळीने तिला देशाबाहेर पाठवलं, कंबोडियाला. मग आईच्या रात्रीच्या प्रार्थनेत लांबच्या सेवकांऐवजी एक नाव आलं. आईने पुढचा पावसाळा बघितला, गणपती बघितले. नाताळ मात्र नाही.

आई गेल्यावर पहिल्यांदा भात लावला तेव्हा एका माणसाचे तांदूळ किती असतात हेच कळेना. मी मावीला फोन केला. आईचं सांगितलं. मग मी म्हटलं, "मुझे उन औरतों को थँक्यू बोलना है. किसका मूठ था वो?"

"मेरेको क्या मालूम," मावी म्हणाली. "सब एक बोरे में जाता है. ऊपर बोल दे."

"और?"

"और तू भी निकाल."

पत्रकाला पत्ता लागतो. आभारालाही लागतो असं मला वाटायचं. पण ज्यांनी आईला माझ्याकडे थोडे महिने जास्त ठेवलं त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत, जशी त्या दुष्काळातल्या मिशनरी बाईसाठी समुद्रापलीकडे कुणी काय बाजूला काढलं होतं ते कळणार नाही. तेव्हा वर बोलते. येशूबापा, तुझे उपकार. ज्यांना मी ओळखत नाही त्यांच्या हातून दिलंस, त्याबद्दल तुझे उपकार. आणि आमच्या देवळातली दानपेटी फिरू दे, माझी पत्रकंही निघू देत, दोन्ही तू सांभाळ.

आता भांड्यात तांदूळ घेतले की एक मूठ मागे काढते. एकटीच्या भातातून मूठ काढली की भात खरंच कमी दिसतो. डबा भरला की रविवारी पेज करते, माझा भात वेगळा घेते आणि निघते. परवा जिन्यात सावंतकाकी भेटली. कमिटीचा राग तिच्या चेहऱ्यावर अजून होता, पण डबे बघून तिच्याने राहवलं नाही. "खंय चललंस गो एवढा घेवन?"

"परळला," मी म्हटलं. "जेवायला."

तिने दार लोटलं नाही. मी परळला पोचले तेव्हा रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती, बाजूला तिचं माणूस पांघरुणात झोपलेलं, मांडीवर उघडा डबा आणि हात तसाच थांबलेला. कुठली होती, तिची भाषा कोणती, मी विचारलं नाही. तिच्याशेजारी बसले, पेजेचा डबा मध्ये ठेवला, आणि आधी स्वतःचा उघडून पहिला घास घेतला.