धुऱ्याकडची कणसं

धुऱ्यापलीकडून फवारणीचा वास आला तेव्हा मी शोभाताईंच्या ज्वारीत उभी होते. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. पलीकडे वसंतराव पाठीवर पंप घेऊन हरभऱ्यावर फवारत होते आणि वारा आमच्याकडे होता.

माझं काम ऑरगॅनिक सर्टिफिकेटसाठी शेत तपासण्याचं. रासायनिक शेती सोडल्यावर सर्टिफिकेट मिळेपर्यंतच्या वर्षांना ‘कन्व्हर्शन’ म्हणतात. शोभाताईंचं ते शेवटचं वर्ष होतं. शेजारचा फवारा आत आला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून कडेला ‘बफर’ लागतो, म्हणजे मोकळा पट्टा. ताईंचा पट्टा अपुरा होता. वसंतरावांनी त्यांच्या बाजूच्या काही ओळी न फवारता सोडल्या आणि तसं लिहून दिलं, तरच काम होणार होतं.

मी त्यांना हाक मारली. पंप पाठीवर घेऊनच ते धुऱ्यापर्यंत आले.

“मॅडम, माहा फवारा माह्याच वावरात रायते,” ते म्हणाले. “धुऱ्याच्या पल्याड जात नाई.”

“वारा इकडेच आहे.”

“वारा का माह्या बापाचा हाय?”

मी नियम सांगितले. ते ऐकत होते, पण सही करायचं नाव नाही. शोभाताईंनी धुऱ्याला लागून असलेली चार कणसं मोडली. हुरडा भाजायची आगटी आधीच पेटवलेली होती.

“भाऊजी, आता आलेच हा, त हुरडा खाऊनच जा.”

वसंतरावांनी कणसांकडे पाहिलं, मग धुऱ्याकडे.

“वयनी, हे काहून? मधातली आना ना.”

“काहून? तुमचा फवारा त तुमच्याच वावरात रायते ना?”

आधी वसंतरावच हसले. इतके, की पाठीवरचा पंप खाली ठेवावा लागला.

“सही कुटं करू मॅडम?”

तपासणीच्या वेळी मी पाण्याशिवाय काही घेत नाही. सही झाली, तपासणी संपली. मग मधातल्या कणसांचा हुरडा तिघांनी खाल्ला, शेंगदाण्याच्या चटणीसोबत. वसंतराव सगळ्यात शेवटी उठले.

धुऱ्यालगतची ज्वारी मी अहवालात वगळली. वसंतरावांनी ओळी खरंच सोडल्या. शोभाताईंना सर्टिफिकेट मिळालं. त्यांची ज्वारी आता अमरावतीत ‘लोकल, ऑरगॅनिक, सस्टेनेबल’ अशा पाकिटातून विकली जाते. त्यातला सस्टेनेबल हा शब्द मला ट्रेनिंगमध्ये बराच वेळ शिकवला होता. शेतावर त्याचा अर्थ एवढाच, की शेजारी पुढच्या वर्षीही बोलता राहिला पाहिजे.

धुऱ्याचा वाद असेल, तर आता मी तपासणी शक्यतो हुरड्याच्या दिवसांतच ठेवते.